बायकोचं नाव पुढे केलं

माझी मुलगी थर्झा आता सव्वीस वर्षांची आहे. तिला स्वतःची दोन पोरं आहेत, आणि तिच्या डाव्या दंडावर चार गोल वण आहेत. ते कशाचे हे तिला ठाऊक आहे. पण त्याआधी कोर्टात मी काय बोललो ते तिला कुणी सांगितलेलं नाही. तिच्या आईनं कधी सांगितलं नाही, आणि मी तर नाहीच नाही. गावातल्या म्हाताऱ्यांपैकी दोघा-चौघांना आठवत असेल, पण त्यांना तो एक विनोद म्हणून आठवत असणार.

मी एमस टेबट. फ्रीअरच्या बुटांच्या कारखान्यात चौतीस वर्षं कातडी कापली. कातडं हातात आलं की त्याच्यावर कुठे ओरखडा आहे, कुठे गोचीड चावलीय, ते मला नुसत्या अंगठ्यानं कळायचं. स्वतःच्या मनाचं तसं नाही. तिथे अंगठा फिरवायची वेळ आली की मी दुसरीकडेच बघायला लागतो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं ऐकताना कुणी माझ्याकडून फार अपेक्षा धरणार नाही.

आमचा पहिला मुलगा जॅबेझ. अठराशे शहाण्णवचा जन्म त्याचा. माझ्या बापाचं नाव तेच होतं, म्हणून आमच्या घरच्या बायबलात एकाखाली एक दोन जॅबेझ लिहिलेत. तेव्हा देवीची लस टोचणं सक्तीचं होतं, आणि लस म्हणजे एका पोराच्या हातावरच्या फोडातलं पाणी काढून दुसऱ्या पोराच्या हातात घालायचं. टोचून आणलेलं मूल आठव्या दिवशी परत त्याच दवाखान्यात न्यायचं, म्हणजे त्याच्या हातावरचा फोड फोडून पुढच्या पोरांना टोचता यायचं. किझाया, माझी बायको, तेव्हा तापानं अंथरुणावर होती. म्हणून दोन्ही वेळा जॅबेझला मी नेलं.

आठव्या दिवशी सकाळी त्याचा दंड कोपरापर्यंत लाल झाला होता आणि हाताला चटका बसावा इतका गरम होता. किझाया पडल्या पडल्या म्हणाली, "आज नको नेऊस त्याला."

मी म्हणालो, "नाही नेलं तर समन्स येईल. फ्रीअरच्या माणसांना समन्स येत नाहीत."

आणि नेलं. तिथल्या म्हाताऱ्या डॉक्टरनं हात बघितला, म्हणाला थोडी लाली असायचीच, आणि त्याच फोडातून तीन पोरांना टोचलं. जॅबेझ रडला नाही. मला त्याचं कौतुक वाटलं होतं. त्यानंतर एकोणीस दिवसांनी तो गेला. मृत्यूच्या दाखल्यावर 'आचके' असं लिहिलं होतं.

किझाया मला पुढे थर्झा होईपर्यंत एकदाही 'तू नेलंस' असं म्हणाली नाही. भांडणात नाही, रडताना नाही. एकदा तरी म्हणाली असती तर मी उलट काहीतरी बोललो असतो, आरडाओरडा केला असता, आणि कुठेतरी ते बाहेर पडलं असतं. ती म्हणालीच नाही. मी मनाशी 'आचके' हा शब्द धरून ठेवला. दाखल्यावर सरकारचा शिक्का होता, आणि सरकार म्हणतंय तर आचकेच असणार.

थर्झा जन्मली त्याच्या दोनच महिने आधी नवा कायदा आला होता. वर्षानुवर्षं लोक दंड भरत होते, घरातली घड्याळं आणि खुर्च्या जप्तीत जात होत्या, काही जण तुरुंगात जाऊन आले होते. शेवटी पार्लमेंटनं वाट काढली. ज्याला लस नको असेल त्यानं मूल चार महिन्यांचं व्हायच्या आत मॅजिस्ट्रेटांसमोर उभं राहायचं, आणि लस टोचल्यानं या मुलाला अपाय होईल असं आपली सदसद्विवेकबुद्धी आपल्याला सांगते, अशी त्यांची खात्री पटवायची. खात्री पटली तर दाखला मिळेल, आणि मग ना दंड, ना जप्ती. आमच्यापासून आठ मैलांवर लेस्टर शहर, तिथे माणूस नुसता दारात उभा राहिला तरी दाखला मिळायचा. आमच्या तालुक्याच्या कोर्टात कर्नल लेसी बसायचे. त्यांची खात्री पटणं सोपं नव्हतं.

किझायानं तो कायदा पाठ केला. लसविरोधी मंडळाचा आमच्या गावातला माणूस म्हणजे भाजीवाला हॅकेट. त्याच्याकडून तिनं दोन पेन्यांची पुस्तिका आणली आणि बाळाला पाजताना ती वाचायची. "जॅबेझचं झालं ते झालं," ती मला म्हणाली. "हिला मी देणार नाही. तू जाऊन बोल, एमस. एवढं एकच काम कर माझं."

मी हो म्हणालो. कुणीही हो म्हणालं असतं.

हॅकेट दर गुरुवारी दुकानाच्या मागे, बटाट्यांच्या पोत्यांवर आम्हा बापांना बसवून तालीम घ्यायचा. गडी बारीक, पण आवाज चर्चमध्ये शेवटच्या बाकापर्यंत जाईल असा. "फक्त 'मी' म्हणायचं," तो सांगायचा. "'आम्ही' नाही. 'घरात असं वाटतं' नाही. आणि बायको हा शब्द तर तोंडातून काढायचाच नाही. मागच्या खेपेला तो विणकर गेला आणि म्हणाला, बायकोला भीती वाटते. कर्नल काय म्हणाले ठाऊक आहे? म्हणाले, बायको बाप झाली की तिला पाठव."

आम्ही हसलो. मीही हसलो.

"हसू नका," हॅकेट म्हणाला. "कायद्याला ज्याची त्याची बुद्धी लागते. उसनी चालत नाही. टेबट, म्हण बघू."

मी म्हणून दाखवलं. 'सदसद्विवेकबुद्धी' म्हणताना आमच्यातल्या निम्म्या लोकांची बोबडी वळायची. मला ते एका दमात जमलं. हॅकेट खूश झाला. म्हणाला, टेबटची काळजी नाही.

घरी किझायानं आणखी तालीम घेतली. माझी रविवारची टोपी डोक्यावर चढवून ती स्वयंपाकघरातल्या टेबलाच्या पलीकडे कर्नल होऊन बसायची आणि नाक वर करून विचारायची, "काय रे टेबट, तू डॉक्टर आहेस का?"

"नाही साहेब. मी बाप आहे."

"वा. हे बरं सुचलं तुला." मग पुन्हा कर्नलच्या आवाजात, "तुझा पहिला मुलगा कशानं गेला?"

मी टेबलावरचे पावाचे तुकडे वेचायला लागलो.

"इथे थांबू नकोस," ती स्वतःच्या आवाजात म्हणाली.

"हे नाही विचारणार ते."

"हेच विचारतील. दुसरं काय विचारणार?"

"विचारलं तर बघू."

तिनं टोपी काढून टेबलावर ठेवली. तिला काहीतरी बोलायचं होतं असं मला वाटलं. मग बाळ उठलं आणि ती गेली. मला सुटल्यासारखं झालं, हे खरं ते सांगतो.

कोर्ट दर पंधरा दिवसांनी मंगळवारी, धान्यबाजाराच्या इमारतीत वरच्या मजल्यावर भरायचं. एकतीस जानेवारीची आमची तारीख. थर्झाला चार महिने पुरे व्हायला आठ दिवस होते, म्हणजे पुढच्या कोर्टापर्यंत मुदत संपून जाणार होती. हीच एक संधी होती आणि ते आम्हा दोघांनाही माहीत होतं. किझाया बाळाला शालीत गुंडाळून मागच्या बाकावर बसली. मी इतर बापांबरोबर भिंतीशी उभा राहिलो.

आधी एका परवाना नसलेल्या कुत्र्याचा खटला झाला, मग एका दारुड्याचा. मग आमची पाळी. वर दोघे बसले होते. एक कर्नल लेसी, आणि त्यांच्या शेजारी आमचे मालक मिस्टर फ्रीअर. ते मॅजिस्ट्रेट आहेत हे मला ठाऊक होतं, पण त्या दिवशी ते असतील असं वाटलं नव्हतं.

माझ्या आधी दोघे गेले. एकाला दाखला मिळाला. दुसरा 'सदसद्' या शब्दातच अडकून पडला, आणि कर्नल म्हणाले की ज्या वस्तूचं नाव घेता येत नाही ती याच्याकडे असेल असं मानायला मी तयार नाही. लोक हसले. मग माझं नाव पुकारलं.

"काम काय करतोस?"

"फ्रीअर साहेबांच्या कारखान्यात कातडी कापतो, साहेब."

फ्रीअरनी मान वर केली. "आमचा माणूस आहे," ते म्हणाले. "हात चांगला आहे याचा. समजूतदार आहे."

समजूतदार. तो शब्द ऐकून मला इतकं बरं वाटलं की मी ताठ झालो. आज आठवलं की अंगावर काटा येतो.

"तर मग, टेबट," कर्नल म्हणाले, "काय सांगते तुझी सदसद्विवेकबुद्धी?"

मी पाठ केलेलं वाक्य न चुकता म्हटलं.

"छान पाठ केलंयस. हॅकेटच्या दुकानात बटाट्यांबरोबर हे फुकट देतात वाटतं." पुन्हा हशा. "तू डॉक्टर आहेस का?"

"नाही साहेब. मी बाप आहे."

या उत्तरावर हसणं थांबलं. कर्नलनी चष्मा काढला. "मग कशावरून म्हणतोस?"

"माझा पहिला मुलगा, साहेब. टोचल्यावर सत्तावीस दिवसांनी गेला."

"दाखल्यावर काय लिहिलंय?"

"आचके."

"म्हणजे लस लिहिलेलं नाही."

"नाही साहेब."

तेव्हा कर्नल पुढे वाकले. गावात त्यांना सगळे खवचट म्हणायचे, मीही म्हणायचो, पण त्या वेळी त्यांचा आवाज खवचट नव्हता. "हे बघ, मूल गेलेल्या माणसाला मला छळायचं नाही. दाखल्यावरचं जाऊ दे. मला एवढंच सांग, तुझा मुलगा लशीमुळे गेला असं तुला स्वतःला वाटतं का? हो म्हण, मी सही करतो."

एवढंच होतं. एक शब्द. माझ्या मागे सहा हातांवर किझाया बसली होती आणि तिच्या मांडीवर थर्झा होती. कर्नलच्या हातात टाक होता, शाईत बुडवलेला.

मला तसं वाटत होतं. मला पहिल्या दिवसापासून तसंच वाटत होतं. दाखला हातात घेऊन वाचतानाही मला तसंच वाटलं होतं. पण हो म्हणायचं म्हणजे पुढे आणखी एक वाक्य होतं, ते कर्नलनी विचारलं नसतं, कुणीच विचारलं नसतं, पण ते मला ऐकू आलं असतं. त्याला नेलं कुणी? लाल झालेला हात बघून, आई नको म्हणत असताना, परत नेलं कुणी? मला त्या खोलीत, मालकांसमोर, ते वाक्य ऐकायचं नव्हतं.

मी म्हणालो, "माझ्या बायकोला तसं वाटतं, साहेब."

भिंतीशी उभ्या असलेल्यांपैकी कुणीतरी हळूच 'अरे देवा' म्हणालं. कर्नलनी टाक खाली ठेवला. त्यांचा नेहमीचा आवाज परत आला. "म्हणजे घरात चालतं कुणाचं, टेबट?"

आणि मी हसलो. तोंड वाकडं करून, समजूतदार माणसं आपसात हसतात तसं हसलो आणि म्हणालो, "चालतं तिचंच, साहेब."

सगळी खोली हसली. फ्रीअर हसले. कारकून हसला. मी त्यांच्याबरोबर हसत होतो, आणि हसता हसता मला मागे बाक सरकल्याचा आवाज आला.

"मी सांगते," किझाया म्हणाली. ती उभी राहिली होती, बाळ खांद्यावर होतं. "मला वाटतं तसं. मी शपथ घेते. माझ्याकडून घ्या."

हशा विरला. कर्नल म्हणाले, "बाई, कायद्याला बापाचं म्हणणं लागतं."

"कायद्यात बाप लिहिलेलं नाही. पालक लिहिलंय. मी वाचलंय."

कारकून कर्नलच्या कानाशी लागला. कर्नलनी मान हलवली. "बाप हयात असेल तर पालक म्हणजे बाप, असं हे कोर्ट समजतं. आणि बाप इथे समोर धडधाकट उभा आहे. त्यालाच जर वाटत नसेल तर मी काय करू?"

किझायानं माझ्याकडे बघितलं. अजून वेळ होता. मी तोंड उघडलं असतं तर कर्नलनी ऐकून घेतलं असतं, असं मला आजही वाटतं. मी माझ्या टोपीच्या कडेला सुटलेला धागा बघत होतो.

"नामंजूर," कर्नल म्हणाले. "पुढचा."

घरी जाताना ती माझ्या पुढे चालत नव्हती की मागेही राहिली नाही. अगदी बरोबर चालत होती, रोजच्यासारखी. बाजारात तिनं पाव घेतला. मी म्हणालो, "तो कर्नल..." ती म्हणाली, "कर्नलचं नाव काढू नकोस. तो सही करत होता."

हॅकेट संध्याकाळी आमच्या दारात येऊन माझ्यावर अक्षरशः धावून आला. "बायको म्हणालास! एवढं पढवून पढवून शेवटी बायकोच म्हणालास!" मग थोडा शांत झाल्यावर त्यानं दुसरा मार्ग सांगितला. टोचायचंच नाही. समन्स आलं तर येऊ दे, दंड भरायचा नाही, तुरुंगात जायचं, चौदा दिवसांत बाहेर. मंडळ घराकडे बघेल. सुटून येणाऱ्याला बँड लावून आणतात.

मी कारखान्याबद्दल काहीतरी पुटपुटलो.

किझाया भांडी पुसत होती. "राहू द्या, मिस्टर हॅकेट," ती म्हणाली. "तुरुंगात जायला यांना आधी हो म्हणावं लागेल."

हॅकेट मान खाली घालून गेला. जाताना त्यानं फळीवर चार संत्री ठेवली.

मार्चमध्ये डॉक्टर पेल घरी आले. नव्या कायद्यानं डॉक्टरनंच घरी यायचं होतं, आणि पेल चांगला माणूस होता, त्यांच्यात मी खोट काढणार नाही. त्यांनी आल्या आल्या गरम पाणी मागून हात धुतले. काचेच्या बारीक नळ्या दाखवल्या. "हे वासरावरून घेतलेलं आहे, बाई," ते म्हणाले. "दुसऱ्या पोराचं नाही. तुमच्या घरात काय झालं ते मला ठाऊक आहे. मी रोज येऊन हात बघून जाईन." देवीनं तोंडाची चाळण झालेली माणसं त्यांनी पाहिली होती, मीही पाहिली होती, माझी आत्याच तशी होती. ते त्यांच्या मनाशी खरे होते. त्या खोलीत किझाया तिच्या मनाशी खरी होती आणि डॉक्टर त्यांच्या. मी एकटाच तसा नव्हतो.

मी थर्झाला घ्यायला हात पुढे केले. निदान धरायचं काम तरी करावं म्हणून.

"तू नको," किझाया म्हणाली.

"मी धरतो. तुला बघवणार नाही."

"मला बघवेल. तू एकदा नेलंस, एमस. तुला ते एकच झेपलेलं नाही. ही माझ्याकडे राहू दे."

म्हणजे तिला माहीत होतं. कोर्टात मी अडखळलो ते का, हे त्या मिनिटालाच तिला कळलं होतं. कदाचित टोपी घालून टेबलाशी बसली होती तेव्हाच. आणि तरी ती बाळाला मांडीवर घेऊन बसली, स्वतःच्या हातानं बाही वर केली, ज्या गोष्टीला तिचा जिवापाड विरोध होता तीच गोष्ट तिनं स्वतःच्या मांडीवर होऊ दिली, मला दुसऱ्यांदा तो भार नको म्हणून. मी परसात गेलो आणि पंपाजवळ उभा राहिलो. थर्झा रडली ते मला तिथे ऐकू आलं.

पुढचे आठ दिवस मी रोज सकाळी कारखान्यात जायच्या आधी आणि आल्यावर तिचा हात बघायचो. चार फोड आले, भरले, भोवती थोडी लाली आली. एकदा ताप आला, तो उतरला. आठव्या दिवशी पेलनी येऊन बघितलं आणि म्हणाले, उत्तम आहे, असा हात पुस्तकात छापतात.

डॉक्टर गेल्यावर मला काय झालं कुणास ठाऊक. छातीवरचा धोंडा उतरावा तसं वाटत होतं. मी म्हणालो, "बघ, काही झालं नाही. म्हणजे जॅबेझलाही कदाचित त्यामुळे नसेल..."

किझाया बाळाची बाही खाली करत होती. तिचा हात तिथेच थांबला.

"म्हणजे ही तुझी साक्षीदार," ती म्हणाली.

मी टोपी शोधायला लागलो.

"आठ दिवस तू हिच्या हाताकडे बघत होतास. मला वाटलं, हिच्यासाठी बघतोयस."

ते खरं होतं. अर्धं तरी खरं होतं, आणि कुठलं अर्धं मोठं हे मला आजही विचारू नका. लस वाईट की चांगली, जॅबेझ कशानं गेला, मला ठाऊक नाही. मोठमोठ्या माणसांनी त्यावर जाडजूड पुस्तकं लिहिलीत. पण पाच महिन्यांच्या पोरीला मी माझ्या सुटकेसाठी पणाला लावलं होतं, एवढं मला ठाऊक होतं, आणि आता तिलाही ठाऊक होतं. बाकी संसार चालू राहिला. ती माझ्यावर कधी चिडून बोलली नाही. माझे मोजे रफू करायची, कारखान्यातल्या गप्पा विचारायची. फक्त त्यानंतर तिनं मला माझ्या मनातलं काही कधी विचारलं नाही.

नऊ वर्षांनी, आता मूलबाळ होणार नाही असं आम्ही धरून चाललो असताना, विल्फ्रेड झाला. तेव्हा कायदा पुन्हा बदलला होता. आता कुणाची खात्री पटवायची नव्हती. वकिलाकडे किंवा मॅजिस्ट्रेटकडे जाऊन एका छापील कागदावर लिहून द्यायचं की माझी अशी श्रद्धा आहे, सही करायची, झालं. कर्नल लेसी तर कधीच वारले होते.

"तूच जाऊन ये," किझाया म्हणाली. तालीम नाही, काही नाही.

मी मात्र तयारी करून गेलो. नऊ वर्षं माझी तयारी चालली होती. कारखान्यात कातडं कापताना, चर्चमध्ये बसल्यावर, मी ते मनातल्या मनात म्हणत आलो होतो: हो साहेब, मला वाटतं. माझा मुलगा त्यामुळे गेला असं मला वाटतं, आणि मी त्याला नेलं होतं. कुणी एकदा विचारावं म्हणून मी थांबलो होतो.

वकिलाच्या कचेरीत दहा-बारा जणांची रांग होती. टेबलाशी एक कारकून, त्याच्यापुढे कागदांचा गठ्ठा आणि शिक्का. माझी पाळी आली. त्यानं मुलाचं नाव विचारलं, जन्मतारीख विचारली, कागद भरला. "इथे सही करा."

"माझा पहिला मुलगा..." मी म्हणालो.

"कारण लागत नाही आता."

"ठाऊक आहे. मला सांगायचंय."

"सांगायची गरज नाही, टेबटसाहेब. तेवढ्याचसाठी तर कायदा बदलला." तो समजुतीनं बोलत होता. "कुणी तुम्हाला काही विचारणार नाही."

मी तरीही सांगितलं. भरभर, मान वर न करता सांगितलं. लशीनं गेला असं मला वाटतं. मीच नेलं होतं. हात लाल होता तरी नेलं होतं. बोलून झाल्यावर मान वर केली. कारकुनाचे कान लाल झाले होते. तो शिक्क्याच्या गादीकडे बघत होता. मागची बाई मूल या खांद्यावरून त्या खांद्यावर घेत म्हणाली, "आटपा हो जरा." मी सही केली.

वाटेत मी ठरवलं की घरी गेल्या गेल्या किझायाला सांगायचं. मी बोललो म्हणून. सगळ्यांसमोर बोललो म्हणून.

ती स्वयंपाकघरात बटाटे सोलत होती, विल्फ्रेड टोपलीत झोपला होता. "झालं?"

"झालं."

"काही विचारलं का?"

"नाही. आता विचारत नाहीत."

"बरं झालं," ती म्हणाली. "विचारलं असतं तर पुन्हा माझं नाव सांगत बसला असतास."

टोमणा नव्हता तो. बाहेर वारा आहे, खिडकी लावून घे, असं म्हणावं तशा आवाजात म्हणाली ती, आणि कागदासाठी ओला हात पुसून पुढे केला. मला त्या क्षणी कळलं की मी सांगितलं तर तिला ते खरं वाटेल की नाही हे मला ठाऊक नाही. आणि खरं वाटलं तरी काय? जे तिच्यासाठी बोलायचं होतं ते मी अकरा परक्या माणसांना आणि एका कारकुनाला सांगून आलो होतो, जेव्हा त्यानं कुणाचं काही अडणार नव्हतं. मी कागद तिच्या हातात दिला. तिनं तो वरपासून खालपर्यंत वाचला, घडी घातली आणि बायबलात ठेवला.

त्यानंतर सोळा वर्षं आम्ही त्याच टेबलाशी समोरासमोर बसून जेवलो. मला वाटायचं, जॅबेझचं तुला स्वतःला काय वाटतं, हे ती एकदा तरी विचारेल. किझाया गेल्या फेब्रुवारीत गेली. शेवटचे चार दिवस ती पूर्ण शुद्धीवर होती, मी उशाशीच होतो, आणि तिनं मला मुलांचं विचारलं, कोळसा आला का ते विचारलं, हॅकेटच्या विधवेचं विचारलं. ते एक तिनं विचारलं नाही, आणि विचारल्याशिवाय मला सांगता आलं नाही.